भावी नगरसेवकाचा चेहरा

१२ मार्च, हदगाव

आज माझा वाढदिवस. बसस्टँडसमोरच्या चौकात सकाळीच माझा फ्लेक्स लागला. ‘प्रभाग क्रमांक सातचे आशास्थान, तरुणांची धडकन, भावी नगरसेवक शेषेराव भाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यातल्या निम्म्या लोकांना मी विचारलेलंही नव्हतं. पण फ्लेक्सवाला लखन म्हणाला, ‘भाऊ, आधी छापायचं. फोटो चौकात दिसला की माणूस आपोआप शुभेच्छुक होतो.’ पोरगा हुशार आहे.

मी फ्लेक्सखाली बराच वेळ उभा राहिलो. कुणीतरी थांबेल, हात मिळवील असं वाटत होतं. लोक वर बघत होते आणि एस.टी. पकडायला पळत होते. शेवटी तिथंच भाजी घेऊन बसणाऱ्या कस्तुराबाईनं विचारलं, ‘साहेब, ह्ये कोन म्हनायचं?’

‘मीच की!’

तिनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत वर बघितलं. ‘आसंल बाबा. भाऊ लिवलंय म्हनं त्याच्यावर. तुमचा भाऊ आसंल.’

लखनला जाब विचारला. तो म्हणाला, ‘मी सगळ्यांचाच रंग जरा उजळून देतो, भाऊ. तुमचा थोडा जास्त उजळला. इलेक्शन हाय ना.’

घरच्या दारावर लावायला सहकुटुंब फ्लेक्स वेगळा केलाय. त्यात मी, माझी बायको राजकन्या आणि मुलगी रुद्राणी. मी लखनला सांगितलं होतं, तिघांनाही सारखाच रंग दे, एकाच घरातले वाटलो पाहिजे. रुद्राणी लातूरला बी.एस्सी. करते, हॉस्टेलवर असते. वाढदिवसासाठी आली होती. फ्लेक्स बघून म्हणाली, ‘बाबा, तुमच्या शेजारी उभी हाय ती पोरगी कोन?’

‘अगं तूच!’

‘बरं,’ म्हणाली. मग मोबाईलवर त्याचा फोटो काढून, मोठा करून बराच वेळ बघत बसली. पोरीला फारच आवडलेला दिसतो.

१५ मार्च

तीन दिवस एकच विचार डोक्यात आहे. मतदार फ्लेक्स बघतो आणि मग मला बघतो. दोन्हींत फरक पडला तर त्याचा विश्वास उडतो. लोकशाहीत हे चांगलं नाही. एक तर फ्लेक्स चेहऱ्यासारखा करायला हवा, नाहीतर चेहरा फ्लेक्ससारखा. फ्लेक्स तर छापून झालेत.

लखनकडं मन मोकळं केलं. त्यानं गल्ल्याखालून एक ट्यूब काढली. कंपनीचं नाव वाचता येत नाही, पण वर एका बाईचा चेहरा आहे, अर्धा काळा, अर्धा पांढरा. ‘लातूरहून मागवतो, भाऊ. मी बी लावून राहिलो. आठ दिवसांत फरक.’

लखनचे गाल खरंच गुलाबी आहेत. तरुणपणाची लाली असेल.

२३ मार्च

फरक आहे! आरशात सकाळी मीच मला नमस्कार करणार होतो. दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘भाऊ, तब्येत सुधारली वाटतं.’ आमचं मोटार-पाईपचं दुकान आहे. मी समाजकार्यात असल्यामुळं गल्ल्यावर राजकन्याच बसते. तिला विचारलं, माझ्यात काही बदल दिसतो का? म्हणाली, ‘दिसतो. दीड इंची पाईप संपलाय हे सांगून चार दिस झाले, आनला न्हाई तुम्ही.’

राजकन्येला राजकारणातलं काही कळत नाही.

३१ मार्च

पाडव्याला रुद्राणी आली होती, आज गेली. ती गेल्यावर बघतो तर ट्यूब जागेवर नाही. राजकन्येवर आवाज चढवला. म्हणालो, लावायची असेल तर मागून घे, चोरून कशाला? ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘मला तोंडाला लावायला येळ कुठं हाय? नळाला पानी न्हाई, टँकर वरच्या आळीतच रिकामा होऊन राहिला. सकाळपासून त्याच्याच मागं फिरतेय.’

ती रोज उन्हात कुठं कुठं फिरते, सोबत गल्लीतल्या बायका. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा टँकर. मी तिला समजावलं, हे नगरसेवकाचं काम आहे, मी निवडून आल्यावर बघेन. लखनकडून दुसरी ट्यूब आणली.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीत पुढं चाललो होतो. ऊन फार नव्हतं. पण घरी आलो तर तोंडावर कुणी मिरचीची पूड टाकल्यासारखं झालं. पाणी मारलं तर आणखी आग. लखनला फोन केला. तो म्हणाला, ‘मळ जळून राहिला, भाऊ. जास्त लावा.’

२२ एप्रिल

प्रभागात घरोघरी भेटी सुरू केल्या. निवडणूक कधी होईल कुणालाच माहीत नाही, पण माणसानं तयार राहावं. अकरा वाजता निघालो आणि तासाभरात परत आलो. कपाळ, गाल, नाक भट्टीत घातल्यासारखं. राजकन्या म्हणाली, ‘रुमाल बांधून जावा. टोपी घाला.’ हिला कसं सांगावं? झाकलेला चेहरा घेऊन कुणी मत मागतं का? मग ज्ञानोबा आणि माझ्यात फरक काय?

ज्ञानोबा म्हणजे शेजारच्या प्रभाग आठचा भावी. त्याचे फ्लेक्स माझ्याहून मोठे असतात, पण त्यावरही तो त्याच्यासारखा दिसत नाही. मला रस्त्यात गाठून म्हणाला, ‘शेषेराव, लाल झालास की रे. पक्ष बदलला का?’ आणि आपणच हसला.

६ मे

आज एक चमत्कारिक गोष्ट बघितली. चौकातला माझा फ्लेक्स गेला आठवडाभर गायब होता. मला ज्ञानोबाचा संशय होता, पोलिसांत जाणार होतो. तर तो कस्तुराबाईच्या भाजीवर ताणलेला! चार पाईप रोवून तिनं सावली केली होती. शेजारच्या दोघीजणी तिच्या टोपल्या सरकवून त्याच सावलीत बसलेल्या.

‘बाई, हे काय?’

‘भाऊच्या सावलीत बसलो बाबा. लई ऊन हाय.’

‘पण चेहरा दिसत नाही. चेहरा वर गेलाय.’

‘मंग? खाली केला आस्ता तर दिसभर माझ्याकडं बघत बसला आस्ता. वर आसू द्या. ऊन त्याला लागू द्या.’

हे तिला सुचलं नसतं. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, ‘वहिनीनं. पाईप बी तुमच्याच दुकानातले.’ म्हणजे राजकन्येनं. मी रागावणार होतो, पण विचार केला, तीन मतं माझ्या चेहऱ्याखाली बसली आहेत. प्रचारच झाला.

१९ मे

रुद्राणी सुट्टीला आली. एस.टी.तून उतरली ती तोंडाला स्कार्फ बांधून, फक्त डोळे उघडे. लातूरच्या सगळ्याच पोरी तसा बांधतात, धुळीसाठी. पण घरात आल्यावरही सोडला नाही. जेवताना ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला तेव्हाही तिचा कॅमेरा बंद होता. नेटवर्क नाही म्हणाली होती. मी म्हणालो, ‘अगं, घरात कसली धूळ?’

‘सवय झालीय, बाबा.’

नवीन फॅशन असेल. राजकन्या पोरीच्या मागोमाग आत गेली आणि दार लोटून घेतलं.

२० मे

राजकन्येनं सकाळीच दुकान बंद ठेवलं, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं. म्हणाली, ‘नांदेडला चला. चामडीच्या डाक्टरकडं.’ माझ्या चेहऱ्याची तिला इतकी काळजी वाटते हे बघून बरं वाटलं. मी म्हणालो, माझं काही विशेष नाही, उगाच खर्च. ती म्हणाली, ‘तुमचं तर बघूच.’ रुद्राणीही बरोबर निघाली. तिला नांदेडला कपडे घ्यायचे असतील.

मी गमछा बांधला, म्हणजे गाडीत कुणी ओळखू नये. गाडीत आम्ही बाप-लेक दोघंही तोंड बांधून शेजारी बसलो होतो. राजकन्या एकटी उघड्या तोंडानं खिडकीशी.

डॉ. प्रियदर्शनी म्हणून बाई आहेत. वयानं लहान, पण भीड नाही. आत गेलो. त्या म्हणाल्या, ‘दोघांनीही सोडा.’

मी गमछा सोडला. रुद्राणीनं स्कार्फ सोडला.

मला लिहायला जमत नाही. पोरीचे दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक बारीक फोड, हनुवटीवर लव उगवलेली. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. मी म्हणालो, ‘हे काय झालं? काय चावलं का?’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ‘एकच क्रीम लावता का दोघं?’

रुद्राणीनं पिशवीतून ट्यूब काढली. अर्धा काळा, अर्धा पांढरा चेहरा. माझीच, पाडव्याला गेलेली. ‘ही संपल्यावर लातूरला तीच घेतली,’ ती म्हणाली.

‘यात स्टिरॉईड आहे,’ बाई म्हणाल्या. ‘काही आजारांत आम्ही ते देतो, मोजून, थोडे दिवस. हे लोक गोरं व्हायला रोज फासायला विकतात. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते आणि ऊन सोसेनासं होतं.’

‘मग आता?’ राजकन्येनं विचारलं.

‘हे बंद. मी सांगते तसंच बंद करायचं. सुरुवातीला जास्त भडकेल, घाबरून परत लावायचं नाही. काही महिने लागतील. आणि रोज सकाळी सनस्क्रीन.’

मी विचारलं, ‘त्यानं किती गोरं होतं?’

बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘काका, सनस्क्रीन कुणालाच गोरं करत नाही. जो रंग आहे तो नीट राहावा म्हणून असतं ते. ऊन रोज थोडं थोडं कातडीत जातं. डाग पडतात, वांग येतो, कातडी लवकर सुरकुतते, कुणाकुणाला त्यातून मोठे आजार होतात. सावळ्या माणसाला थोडं कमी, पण होतंच.’ मग राजकन्येकडं वळल्या. ‘ताई, तुमच्या गालावरचा वांग उन्हाचाच दिसतो. तुम्हीही लावायचं. उन्हात सगळ्यात जास्त तुम्ही असता ना?’

‘तुमाला कसं कळलं?’ राजकन्या म्हणाली.

‘दिसतं की.’

मला ते कधी दिसलं नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो.

२१ मे

रुद्राणीला विचारलं, तुला हे लावायची काय गरज पडली? मी तुला रंगावरून कधी काही बोललो का? ती म्हणाली, ‘न्हाई बाबा.’ मग म्हणाली, ‘हॉस्टेलच्या पोरींनी तो दारावरचा फ्लेक्स बघितला मोबाईलवर. म्हनल्या, तुझी बहीण लई छान हाय.’

मला समजेना. मी तर तिचा फोटो चांगलाच करून दिला होता. दिवसभर दुकानात बसलो, पण गिऱ्हाईकाला भलताच व्हॉल्व्ह दिला.

दुपारी दारावरचा फ्लेक्स काढून ठेवला. वाऱ्यानं फाटेल म्हणून.

३ जून

बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, भडका उडाला. आरशात बघवत नाही. बाहेर पडायला बंदी. मी आणि रुद्राणी दिवसभर पडदे ओढून घरात. ती मला पत्त्यांत हरवते. काल म्हणाली, ‘बाबा, आपन दोघं भुयारातले वाटतो.’ हसली. गालावर हसल्यानं ताण पडतो म्हणून लगेच थांबली.

राजकन्या दुकान आणि प्रभाग दोन्ही बघते. मी तिला माझी पत्रकं देतो वाटायला.

२० जून

सनस्क्रीनचं प्रकरण वाटलं तितकं सोपं नाही. मी हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेऊन नाकाच्या शेंड्याला लावत होतो. महाग वस्तू जपून वापरावी. शिवाय ढगाळ दिवशी लावत नव्हतो. रुद्राणीनं पकडलं.

‘बाबा, दोन बोटं पुढं करा.’ तिनं माझ्या दोन बोटांवर लांब दोन रेघा ओढल्या. ‘एवढं सगळं चेहऱ्याला आन् मानेला. कान राहिले. कानामागं. ढग आसले तरी ऊन येतंच म्हनल्यात म्याडम. घाम आला की परत.’

‘एवढं? मी काय लग्नाला उभा राहतोय?’

‘इलेक्शनला राहून राहिले ना? तेच.’

राजकन्येलाही तिनं बळंच बसवून लावून दिलं. राजकन्या म्हणाली, ‘अगं गार लागतंय,’ आणि लहान पोरीसारखी डोळे मिटून बसली. दहा-पंधरा मिनिटांनी डोक्यावरून पदर घेऊन टँकरवाल्याला भेटायला गेली. माझी पत्रकं टेबलावरच राहिली होती. विसरली असेल.

९ जुलै

आज पहिल्यांदा बाहेर पडलो. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला सनस्क्रीन. ते नीट पसरलं नव्हतं बहुतेक, कारण चौकात ज्ञानोबानं हाक मारली. चार लोकांसमोर म्हणाला, ‘शेषेराव, तुला चुना कुणी लावला रे?’

सगळे हसले. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात कस्तुराबाई टोपलीमागून म्हणाली, ‘त्यानं निदान तोंडाला लावलाय. तू गावाला लावून राहिलास.’

लोक परत हसले. ही बाई माझी खरी कार्यकर्ती आहे. मी तिला धन्यवाद दिले. ती म्हणाली, ‘वहिनी बऱ्या हायेत ना?’

२८ ऑगस्ट

कॉलेज सुरू झालं तरी गालांसाठी थांबलेली रुद्राणी परवा लातूरला गेली. जायच्या आधी मला घेऊन लखनच्या दुकानात गेली. मी म्हणालो, भांडण नको, प्रचाराची माणसं दुखवायची नसतात. तिनं ऐकलं नाही. स्कार्फ सोडून त्याच्यासमोर उभी राहिली. फोड गेलेत, पण लाली अजून आहे.

‘लखनदादा, बघा. तुमच्या ट्यूबनं झालंय.’

लखन म्हणाला, ‘मी काय वाईट केलं ताई? मी सवता लावून राहिलो.’

‘म्हनूनच सांगतेय. आरशात कधी बघितलं का?’

दुकानात आरसा नव्हता. तिनं मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला. लखननं स्वतःला बघितलं. सवयीनं बोट स्क्रीनवर नेलं, रंग उजळायला. रुद्राणी म्हणाली, ‘हे उजळत न्हाई. साधा कॅमेरा हाय.’

त्यानं बोट मागं घेतलं. मग गालावर हात ठेवून हळूच म्हणाला, ‘उन्हात गेलं की लई आग होते हो.’ तिनं त्याला नांदेडचा पत्ता लिहून दिला. गल्ल्याखालच्या सगळ्या ट्यूबा त्यानं आमच्यासमोर फोडून, पिळून कचऱ्यात टाकल्या. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मालाचं नुकसान तरुण माणूस सहज कसं करतो. पण तो रडत होता.

८ ऑक्टोबर

अनर्थ. आज आरक्षणाची सोडत निघाली. प्रभाग सात महिलांसाठी राखीव. आठही. म्हणजे मी आणि ज्ञानोबा दोघंही खलास. मी दुकानात येऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. एवढा चेहरा तयार केला, बिघडवला, परत सुधारला, आणि चेहराच नको म्हणे.

९ ऑक्टोबर

सकाळी एकदम उपाय सुचला. राजकन्येला उभं करायचं! नाव तिचं, काम माझं. सगळीकडं असंच चालतं. मोठ्या मनानं तिला ही संधी देऊ केली. ती नटबोल्ट मोजत होती. म्हणाली, ‘हाव, मी फारम भरायचं म्हनलंय.’

‘कुणाला?’

‘बायकांना. कालच आल्या होत्या दुकानापुढं, तुम्ही टाकीला टेकून बसले होते तवा. चांगल्या तीस-चाळीस होत्या. तुमाला वाटलं भिशी हाय.’

खरंच मला तसंच वाटलं होतं. असो. माझा शब्द मोडला नाही, याचं समाधान आहे.

१६ नोव्हेंबर

लखनकडं फ्लेक्स करायला गेलो, तिघंही. रुद्राणी मुद्दाम लातूरहून आली. मी आराखडा आणला होता. मध्ये मी, हात जोडलेला, कोपऱ्यात राजकन्या. लखननं तिचा फोटो काढला आणि सवयीनं विचारलं, ‘वहिनी, उजळू का थोडं?’

राजकन्या म्हणाली, ‘नको. घरोघर गेले की बायकांनी ओळखलं पायजे मला.’

‘आणि गालावरचा वांग?’

‘ऱ्हाऊ दे. मिटवला तर टँकर कोन आनतं हे त्यांना कळायचं न्हाई.’

लखननं माउसवरचा हात काढून घेतला. माझा फोटो कुठं ठेवायचा यावर चर्चा झाली. रुद्राणी म्हणाली, बाबांचा चेहरा अजून बरा होतोय, त्याला आराम देऊ. वैद्यकीय कारण असल्यामुळं मी मान्य केलं.

२१ डिसेंबर

निवडून आलो! म्हणजे राजकन्या आली. चांगल्या मतांनी आली. गुलाल उधळला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कातडी अजून नाजूक आहे, रंग-गुलाल नको. म्हणून मी आणि रुद्राणी कस्तुराबाईच्या भाजीमागं भिंतीच्या सावलीत उभे राहून मिरवणूक बघत होतो. बायकांनी राजकन्येला उचललं होतं. ती गुलाबी झाली होती आणि वरून ओरडून विचारत होती, ‘रुद्रे, लावलं का सकाळी?’

रुद्राणी ओरडली, ‘हाव!’ तिच्या तोंडाला स्कार्फ नव्हता. मला हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आठमधून ज्ञानोबाची बायको शीला आली.

१२ जानेवारी

आज नगर परिषदेची पहिली सभा. मी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, पाण्याच्या प्रश्नावर भाषण पाठ केलं. दारात शिपाई म्हणाला, सदस्यांशिवाय आत कुणाला सोडायचं नाही. मी राजकन्येकडं बघितलं. सगळ्या बायका नवऱ्यांची जशी समजूत घालतात, तशी ती म्हणाली, ‘बसा जरा. येते मी.’ आणि फाईल घेऊन आत गेली. भाषण माझ्या खिशातच राहिलं. ती कागद न बघताच बोलली म्हणे, खिडकीतून तिचा आवाज येत होता. टँकर शब्द नीट ऐकू आला.

बाहेर पटांगणात सिमेंटचा एक बाक, तोही उघड्यावर. हिवाळा असला तरी दुपारचं ऊन बोचत होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ज्ञानोबा बसला होता, तोही कडक इस्त्रीत. त्याचंही भाषण खिशात असावं, कारण खिसा फुगला होता. दोघंही एकमेकांकडं न बघता बसलो.

रुद्राणीचा लातूरहून फोन आला. मी कुठं आहे विचारलं, सांगितलं. ‘मग बाबा, परत लावा. सकाळचं उतरलं आसंल.’

खिशातून ट्यूब काढली. दोन बोटांवर दोन रेघा. चेहरा, मान, कान, कानामागं. ज्ञानोबा डोळे बारीक करून बघत होता. कपाळावरून घाम पुसत सरकत सरकत जवळ आला.

‘हे त्येच का?’

‘तेच.’

‘गोरं करतं का?’

‘नाही.’

‘मंग काय कामाचं?’

आत शीलाबाई काहीतरी बोलल्या आणि राजकन्या मोठ्यानं हसली. बाकीच्याही हसल्या. आम्ही दोघांनी खिडकीकडं बघितलं. मग ज्ञानोबानं दोन बोटं पुढं केली. मी त्यावर रेघा ओढून दिल्या आणि म्हणालो, ‘बाहेर बसायचं असलं की लावावं लागतं.’